दाण्याजवळचं झुडूप

लेकीकडे राहायला आलेली आई मागच्या पायरीवर बसून जावयाचं कौतुक बघत होती. तो परसात मुनियांसाठी दाण्याचं भांडं टांगत होता. असा हौशी, हळुवार जावई मिळायला नशीब लागतं, असं ती चारचौघींत सांगायची.

"आई, नुसता दाणा ठेवून पाखरं येत नसतात," तो म्हणाला. "शेजारी लपायला झुडूप लागतं. पळून शिरायला जागा दिसली, तरच मुनिया दाण्याला चोच लावते."

लेक चहा घेऊन आली. कप घ्यायला त्यानं हात पुढे केला, तशी तिनं झटकन मान मागे घेतली. चहा हिंदकळून त्याच्या हातावर सांडला.

"वेंधळी आहे नुसती," तो हसत म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

आईनं लेकीचं मनगट धरलं. "बॅग भर. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर."

झुडपातून एक मुनिया दाण्यावर उतरली. लेकीनं हात सोडवून घेतला आणि ती खाली सांडलेला चहा पुसायला लागली.

"मागच्या वर्षी आलेच होते की, आई. सांगायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, भांड्याला भांडं लागायचंच. दुसऱ्याच दिवशी स्वतः आणून सोडलंस मला. आणि निघताना ह्यांना हसत हसत म्हणालीस, 'पोर जरा वेंधळी आहे, सांभाळून घ्या.'"