धुऱ्यावरचे खेकडे

खेकडे आपले आपणच बिळांतून निघून दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन बसले होते. एखाददुसरा नाही, चांगले डझनभर. शकुबाई विळा कमरेला खोचून बघतच राहिली. सकाळपासून ती दुसऱ्याच्या शेतात वाकून हलकं, लवकर पिकणारं धान कापत होती. आता सरळ उभं राहायलाही तिला कमरेवर हात दाबून धरावा लागत होता. घरी जायच्या आधी नाल्यावर जायचं, बिळाबिळात हात घालायचा, चिखलात लोळायचं, या विचारानंच तिचे पाय जड झाले होते. आणि इथं तर वाढलेलं ताटच समोर आलं. तिच्या सासऱ्यानं छप्पन्न सालीच देव सोडले होते, नाहीतर आज तिनं देव पावला असंच म्हटलं असतं.

घरी तिची लेक सत्यशीला बारा दिवसांची बाळंतीण होती आणि तिला दूध उतरत नव्हतं. शेजारच्या बाईनं दोन दिवस बाळाला पाजलं, मग तिची सासू तोंड फिरवून दारात बसायला लागली. मेथ्या झाल्या, खसखस झाली. बाळ आता रडायचंही कंटाळलं होतं. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

धान लोंबीवर आलं की खेकडाही आतून भरतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, एवढाच त्याचा हंगाम. या दिवसांतला खेकडा पाट्यावर ठेचायचा, फडक्यातून गाळायचा आणि मिरी-लसूण घालून पातळ रस्सा पाजायचा. सुकलेल्या बाईलाही पान्हा फुटतो. शकुबाईच्या आईनं तिला हे नुसतं सांगितलं नव्हतं, तिच्या बाळंतपणात पाजलं होतं.

तिनं शिदोरीचा जर्मनचा गंज रिकामा करून पुढ्यात घेतला आणि एकेक खेकडा उचलून आत टाकायला लागली. एकही पळाला नाही. उताणा पडला तर तसाच पडून राहिला, पाय तेवढे हळूहळू हलत होते. थंडी पडायला लागली म्हणून सुस्तावले असतील, असं तिनं मनाला सांगून टाकलं. दमलेल्या माणसाला असली समजूत लवकर पटते.

"इतके केकडे कुठी भेटले वं?"

जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली सोमारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन उभी होती.

"इथीच. आपल्या पायानं आले," शकुबाई म्हणाली. "सत्यशीलाले रस्सा करतो आज."

सोमारी हसली नाही. तिनं धुऱ्यापलीकडच्या उभ्या धानाकडे पाहिलं. ते देवरावचं भारी धान, अजून पंधरा दिवस कापायला येणार नव्हतं.

"टाकून दे ते."

"काऊन?"

"देवरावभाऊनं काल धानाले दवाई मारली. तुडतुडे पडले होते. माह्याच घरच्यानं पंप पाठीवर घेतला. रातभर उलट्या करून राह्यला तो."

शकुबाईनं गंजावर पदर टाकला.

"तीन पाण्यानं धुऊन घेईन."

"पानी वरून लागते, बाई. दवाई पोटात गेली त्याच्या." सोमारीनं डोक्यावरचा भारा सावरला. "खाईन तुही पोरगी. पन पिईन कोन?"

शकुबाईला संताप आला, पण देवरावचा नाही, सोमारीचा. ही बया जरा उशिरा आली असती तर काय बिघडलं असतं? आपण घरी पोचलो असतो, चूल पेटली असती. असं मनात आलं आणि मग तिची तिलाच भीती वाटली.

सोमारीनं भारा खाली टाकला. दोघींनी विळ्यानं धुऱ्याच्या कडेला हातभर खड्डा खणला आणि खेकडे आत लोटून वर माती दाबली, गावातली कुत्री उकरू नयेत म्हणून. दवाई लागलेला गंज तिथंच ठेवून द्यायचं ठरलं. भारा पुन्हा डोक्यावर चढवताना सोमारी एवढंच म्हणाली, "नाल्याच्या वरच्या अंगाले जाय. तिथी कोनाचं वावर नाई, दवाई नाई."

वरचं अंग म्हणजे अर्धा कोस. शकुबाई निघाली. चालताना ती वाटभर देवरावला, पंपाला, तुडतुड्यांना आणि शेवटी जावयाला शिव्या देत होती. त्याचा यात काहीच संबंध नव्हता, पण तो बल्लारपुरात कामावर होता आणि हाताशी दुसरं कोणी नव्हतं.

नाल्यावर पोचली तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. पहिलं बीळ रिकामं निघालं. दुसऱ्यात नुसतं पाणी. तिसऱ्याशी ती गुडघे टेकून बसली आणि चिखलात कोपरापर्यंत हात घातला. टोकाला बोटांना कवच लागलं, गार आणि गुळगुळीत. ते हललं नाही. हेही तसलंच असलं, तर आता पुढं कुठं जायचं हे तिला माहीत नव्हतं. तिनं हात तसाच ठेवला.

मग खेकड्यानं तिचं बोट करकचून धरलं. कळ खांद्यापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

तिनं हात ओढला नाही.

"धर," ती बिळाकडे तोंड करून म्हणाली. "अजून जोरानं धर, माय."