गीताबाईचं पान

तिसरी भाकरीही थापताना मोडली, तेव्हा झुंबरबाईनं नणंदेच्या पुढ्यातली परात ओढून घेतली.

"राहू द्या आक्का. बसा सावलीत. आज तुमचं ध्यान नाही."

गीताबाई हात धुऊन उठली. भावाच्या नातवाचं जावळ होतं. लोणारजवळच्या मळ्यात कडुनिंबाखाली बोकडाच्या मटणाचा मोठा गंज चढला होता. माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी लांब, बांधाजवळच्या चुलीवर.

ती खाटेवर बसली. उठली. तहान नसताना पाणी प्याली. न्हाव्यानं नुकतंच भादरलेलं त्या नातवाचं, शिवमचं डोकं कुरवाळलं, तो रडायला लागला तशी त्याला त्याच्या आईकडं देऊन परत खाटेवर आली. कुठंही बसलं तरी वास येतच होता. भाजलेल्या खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा. मटण अजून कच्चं आहे, हे तिला नाकानंच कळत होतं. जाळ कमी करा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण माळकऱ्याच्या घरच्या बाईनं असं काही बोलावं कसं?

माळ खरं तर तिच्या नवऱ्याची होती. मुलगा गोकुळ शाळेत होता तेव्हा पंजाबराव एका सप्ताहाहून माळ घालून आले. त्याच दिवशी मटणाचं पातेलं त्यांनी स्वतः घासलं आणि मोडीत देऊन टाकलं. "आजपासून आपल्या घरात बंद," म्हणाले. गीताबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्याआधी गावात कुणाकडं पाहुणे आले की रस्सा करायला तिलाच बोलावणं यायचं. नंतर ते आपोआप थांबलं.

नवरा वाईट नव्हता. भरल्या वांग्यातलं मऊ वांगं न चुकता तिच्या ताटात सरकवायचा. त्याचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले होते. आणि आज हिचा जीव एका गंजाभोवती फिरत होता. खावंसं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही.

गोकुळची गोष्ट वेगळी. तो बाप असतानाही धाब्यावर खायचा. त्याच्या शर्टाचा वास बापाला येण्याआधी तिनंच कितीदा तरी धुऊन काढला होता. बाप गेल्यावर तो उघड खाऊ लागला. आज तर खांद्यावर टॉवेल टाकून मटणाची बादली त्यानंच उचलली होती.

पंगती बसल्या. "माय, तुह्यं पान तिकडं मांडलं. बस जाऊन," बादली भरता भरता तो म्हणाला.

गीताबाई बांधाकडं निघाली. तिथं चार म्हातारे आणि एक कीर्तनकारबुवा बसले होते. त्यांच्याशेजारी तिची पत्रावळ. भाजी वाढलेली, वरणाचा द्रोण भरलेला. ती पत्रावळीजवळ उभी राहिली. बुवांनी जरा सरकून जागा केली. ती बसली नाही. मागं वळली आणि तरातरा चालत जाऊन बायकांच्या पंगतीत, झुंबरबाईच्या शेजारी मांडी घालून बसली.

बायका माना वळवून बघू लागल्या.

"आक्का, तुमचं तिकडं हाय," झुंबरबाई हळूच म्हणाली.

"माहीत हाय मले."

कुणीतरी तिच्यापुढं पत्रावळ टाकली. भाकरी आली, कांदा आला. गोकुळ बादली घेऊन एकेक पान वाढत आला. आईपाशी पोचला, पळी अर्धी वर आली, पण तो तसाच पुढच्या पानाकडं वळला.

"गोकुळ."

"काय व माय?"

"मी इथं बसून राह्यली ना."

"तू इथं काऊन बसली? तुले तर चालत नाही."

"कोन म्हने?"

"म्हंजे? बाबानं सोडलं होतं..."

"बाबानं सोडलं. मले कोनी इचारलं होतं?"

गोकुळनं इकडंतिकडं पाहिलं. सगळ्या बायका आपापल्या पत्रावळीत बघत होत्या. त्यानं आवाज खाली आणला.

"मंग तू इतकी वर्सं बोलली काऊन नाही?"

"तेबी कोनी इचारलं नाही."

त्याचे शर्ट धुणारे हात मांडीवर एकमेकांत गुंतवून आई समोर बसली होती. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "गोकुळभाऊ, रस्सा येऊ द्या इकडं!" त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. बादली खाली टेकवली आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"माय, तुले खायचं हाय का? वाढू?"

गीताबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. तिनं बादलीत पाहिलं. लाल तर्री, तिच्याखाली सांध्याचा एक तुकडा. मग तिची नजर बांधाकडं गेली. तिथं ते म्हातारे जेवत होते. पुन्हा बादलीकडं. हो म्हणणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

"वाढू का?" गोकुळनं परत विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "इचार करू दे मले."

पळी हातात धरून तो थांबला. वरणवाला त्याच्यामागं थांबला, भाकरीवाला त्याच्यामागं. सगळी पंगत खोळंबली. गीताबाईनं पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि कुणाचीच घाई न ठेवता ती विचार करू लागली.