पाव इंच

मॅडमनी दोन्ही प्लेटा खिडकीजवळच्या उजेडात धरल्या आणि आळीपाळीने निरखल्या.

एक प्लेट थोरलीची, दुसरी धांदरटाची. धांदरट म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात नवा संशोधक. आठवड्यातून एकदा तरी काहीतरी सांडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. थोरली तिथली सगळ्यात जुनी, तिला सगळे ताई म्हणत आणि नाजूक काम निघालं की तिच्याकडेच धाव घेत. काल दोघांनी एकाच नमुन्यातले जंतू आपापल्या प्लेटवर पसरले, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या आणि प्लेटा उबेला लावून दिल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. इस्पितळाने हात टेकले की असे हट्टी जंतू मॅडमकडे तपासायला येत.

हा नमुना थोरलीच्या आईच्या रक्ताचा होता. "तू नको करूस," असं मॅडमनी सांगून पाहिलं होतं, पण तिने ऐकलं नव्हतं.

थोरलीच्या प्लेटवर एका टिकलीभोवती गोल होता. धांदरटाच्या प्लेटवर एकीच्याही भोवती नव्हता.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, मॅडम," धांदरट म्हणाला. "मी पुन्हा लावतो ना." आपलीच चूक निघावी असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

"तुझं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. मग थोरलीकडे वळल्या. "अगं, तू पातळ पेरलंयस हे."

थोरलीने प्लेट हातात घेतली. नवशिक्या मुलांना ती स्वतःच बजावायची, जंतू विरळ पसरले की कुचकामी औषधसुद्धा शूर दिसतं. धांदरटाच्या प्लेटवर जंतूंनी सायीसारखा दाट थर धरला होता. तिच्या प्लेटमधून पलीकडची खिडकी दिसत होती. पसरण्याआधी जंतू कालवलेलं नळीतलं पाणी पुरेसं गढूळ झालंय का, ते रेघांच्या कार्डासमोर धरून बघायचं असतं. काल तिने बघितलं होतं. झालंय, असं तिला वाटलं होतं.

"मुद्दाम नाही केलं, मॅडम."

"माहीत आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर रागावता तरी आलं असतं."

थोरलीने प्लेट खाली ठेवली. सकाळी आपली प्लेट बघितल्या बघितल्या तिने बाबांना फोन केला होता, एक औषध सापडलं म्हणून. दुसरी प्लेट बघायला ती थांबली नव्हती.

"ताई, बाबा बाहेर बसलेत," धांदरट हळूच म्हणाला. "अहवाल घेऊनच जातो म्हणाले."

मॅडमनी धांदरटाची प्लेट टेबलावर ठेवली. "मी मोजते. तू जा त्यांच्याकडे."

"नको. मीच मोजते."

गोल नसला तरी शून्य लिहायचं नसतं. टिकलीची स्वतःची रुंदी लिहायची, सहा मिलिमीटर. तशी पद्धतच आहे. थोरलीने एकेका टिकलीला मोजपट्टी लावली आणि प्रत्येक औषधापुढे सहा लिहिलं. न मोजता लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण तिला तसं करवेना. धांदरट शेजारी उभा राहिला. त्याने कशालाही हात लावला नाही.

बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शर्ट शिवण्यात हयात गेलेला माणूस. इतके दिवस इस्पितळात मुक्काम होता, तरी बाहीला कुठून तरी पांढरा दोरा चिकटलेलाच. मांडीवर कापडी पिशवी होती. त्यांनी कागद हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली गेले.

"सगळीकडे सहा आहे की. शून्य कुठेच नाही."

"बाबा, ऐका."

"सहा मिलिमीटर म्हणजे पाव इंच. अगं, पाव इंचात शिलाई धरते. कॉलरला आम्ही तेवढंच तर ठेवतो."

तिला रडू आलं. हाताने एकदा खोटं बोलून झालं होतं, आता तोंडाने बोलायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि सांगितलं. सहा ही त्या टिकलीचीच रुंदी, औषधाचं त्यात काही नाही. सकाळी फोनवर सांगितलं ते चुकलं. यातलं एकही औषध आईला लागू पडणार नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बोट शेवटच्या सहावर तसंच होतं.

"मी तिला सांगून बसलो गं," ते म्हणाले. "तुझा फोन आला तेव्हा तिच्या उशाशीच होतो. घरी जायचे कपडे घेऊन या म्हणाली. घेऊन आलो."

कोणीतरी ढकलगाडीवरून काचेच्या बाटल्या नेल्या, त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत किणकिणत गेल्या.

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"तू नको सांगूस तिला. मी बघतो. औषधाचं काय झालं विचारलं, तर पाव इंच आहे म्हणेन. जन्मभर काजं केलीत तिने, पाव इंच पुष्कळ वाटेल तिला." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "खोटं नाही ना गं ते?"

"नाही," थोरली म्हणाली. "मी मोजलंय."