गुलाबरावांचं म्हणणं

"नाशिकला तुझ्याकडे मी येणार नाही. तो विषय काढू नकोस," आई म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा गेल्यापासून तिचं हेच चाललं होतं.

मृदुलाने वाद घातला नाही. पलंगाखालची पेटी ओढून तिने गुलाबरावांना बाहेर काढलं. या बोलक्या बाहुल्याला घेऊन बाबांनी गावोगावच्या जत्रांत लोकांना हसवलं होतं. घरात त्याचं काम वेगळं होतं. आई जो विषय ऐकून घेत नसे, तो बाबा गुलाबरावांच्या तोंडून काढत. स्कूटर तशीच आली होती, आणि मृदुलाला हॉस्टेलही तसंच मिळालं होतं.

तिने बाहुला मांडीवर घेतला.

"वहिनी," गुलाबराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी निघालो नाशिकला. पण तिथे मला टाकून बोलायला कोण आहे?"

आईने वळून पाहिलं. मग पुढे होऊन तिने त्याचा कलता फेटा सरळ केला.

"विचार करते, भावजी," ती म्हणाली. "पण हिचे ओठ फार हलतात. तिथे रोज सराव करून घ्यावा लागेल."