टाच टेक

सतत चवड्यांवर चालणाऱ्या जुईच्या पोटऱ्यांवर पट्ट्या होत्याच. त्यांच्या जोडीच्या पट्ट्या व्यायाम घेणाऱ्या फडतरेबाईंनी आज मुकुंदच्या पोटऱ्यांवर बांधल्या. एरवी त्या जुईची आई रेवती बांधून घ्यायची आणि मुकुंद पेपरातून डोकं काढून नुसता ओरडायचा, "जुई, टाच टेक! किती वेळा सांगायचं?" पण आज रेवती माहेरी गेली होती.

"आता तिच्या पायांना जे जाणवतं, ते तुमच्या पायांना," बाई म्हणाल्या. "राहा उभे."

मुकुंदने फरशीवर पाय टेकले मात्र, टाचांत बाभळीचा काटा घुसावा तशी कळ गेली. पोटऱ्या दोरीसारख्या ताणल्या. कळायच्या आत तो चवड्यांवर उभा होता.

जुईने टाळ्या पिटल्या. "बाबा, टाच टेक! किती वेळा सांगायचं?"

मुकुंदचा चेहरा उतरला. एवढीशी पोर हे रोज सोसत होती आणि तो त्याला हट्ट म्हणत होता.

"नाही गं जमत," तो म्हणाला. "तू शिकवतेस?"

जुईने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "घाबरायचं नाही. आई करते तसा मोठा श्वास सोड. आता हळूच खाली."

दोघांनी श्वास सोडला. पोटऱ्या सैलावत गेल्या, कळ बोथट झाली आणि मग टाचांखाली नुसती गारगार फरशी लागली. मुकुंदने खाली पाहिलं. जुईच्या दोन्ही टाचा फरशीला चिकटल्या होत्या.

"बाई, बघा ना, बाबाला जमलं!" जुई ओरडली. स्वतःच्या पायांकडे तिचं लक्षच नव्हतं.