भिंतीपलीकडचं ऊन पाणी

"आवळ," शिवपुत्र म्हणाला, आणि इसूफ वेल्डरनं हातातला पाना खाली ठेवला.

"आजचा दिवस ऱ्हाऊ द्या की, फोरमनसाब. भायेर थंडी लई हाय. बाया हंडे घेऊन हुब्या हायत."

"कालपण तू हेच म्हणालास."

भिंतीबाहेर खरंच बाया उभ्या होत्या. गिरणीत सुताला खळ लावून ते वाफेच्या रुळांवर वाळवत. त्या वाफेचं पाणी होई आणि भिंतीतल्या नळीतून कढत कढत बाहेरच्या गटारात पडे. मागच्या वस्तीतल्या बायका त्यावर धुणी धूत, पोरं न्हाऊ घालत, आणि पाणी जरा कमी आलं की मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. फुकटचं असलं म्हणून काय झालं!

पण चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि रॉकेल-कोळसा दोन्हीला आग लागली. सोलापुरात पैसे मोजूनही रॉकेल मिळेना. गिरणीच्या वाट्याचा कोळसा निम्म्यावर आला. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," मॅनेजर म्हणाले. ते ऊन पाणी परत बॉयलरला आणायचं, गार पाणी तापवायचा कोळसा वाचवायचा, असं ठरलं. नाहीतर रातपाळी बंद. काम शिवपुत्रच्या गळ्यात पडलं.

त्यानं महिनाभर मान वर केली नाही. नळ जोडले, त्यांवर ऊब धरून ठेवणारा पांढरा लेप चढवला, पंप बसवला. लोक म्हणाले, माणूस कामाला वाघ आहे. खरं म्हणजे कामाशिवाय दुसरं काही त्याला सुचतच नव्हतं. आतून तो पार बधिर झाला होता.

त्याची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला बायको, नीलव्वा, सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुठीएवढी पोरगी. नीलव्वा तापानं फणफणून सिव्हिलमध्ये पडली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं घरच्यांनी रीत केली. पोरीला केरावर ठेवून तिचं नाव केराबाई ठेवलं आणि सारजाबाई सुईणीच्या सुपात घातलं. म्हणजे पोर आता सारजाबाईची. सव्वा महिना भरला की सूपभर जोंधळे देऊन तिला विकत आणायची. तोवर आईबापानं बघायला जायचं नाही, विचारपूस करायची नाही. सारजाबाईनंही पोर कुणाची ते तोंडातून काढायचं नाही. काळाला पत्ता लागता कामा नये.

"जगंल का, मावशी?" शिवपुत्रनं तेवढंच विचारलं होतं.

"दुधाचं मी बघती. पर हिला दुधापरीस ऊब लागतीया, रात न् दिस. ती माझ्याकडं तुटायची न्हाय, बापू. तू आपलं काम कर."

तेच तो करत होता. उद्या सव्वा महिना भरत होता. मंद्रूपच्या बाजारातले जोंधळे घरी निवडून तयार होते. आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. पण होत नव्हता.

इसूफ जागचा हलेना, तेव्हा शिवपुत्रनं स्वतःच पाना उचलला आणि नळीचं तोंड बंद केलं. भिंतीबाहेरच्या पाण्याचा आवाज थांबला. मग बायांचा सुरू झाला.

दुपारी फाटकावरचा कोंडीबा आला.

"फोरमन, बाया दमून गेल्या. पर एक म्हातारी बसलीया, हटतच न्हाय. तुमचंच नाव घेती."

"काय काम आहे?"

"ते सांगत न्हाय. निस्तं पानी सोडा म्हनती."

"आज सोडलं तर उद्याही सोडावं लागेल. घालव तिला."

"रडतीया वो."

"रडू दे. रडून कुणाचं काय थांबलंय?"

दोन पोरं पुरून आलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. कोंडीबा फाटकाकडं परत गेला.

चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. शिवपुत्र बॉयलरपासून हलला नाही. कोळशाचा ढीग रोजच्यापेक्षा कितीतरी कमी उतरला होता. मॅनेजरनं पेढे वाटले, त्याची पाठ थोपटली. "रातपाळी वाचली! आता उबेचा एक थेंब वाया जाणार नाही," ते म्हणाले. इसूफनं पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

शिवपुत्र घरी गेला, हातपाय धुऊन सुपात जोंधळे घेतले आणि निघाला. सारजाबाईचं घर त्यानं पाहिलं नव्हतं. पोर झाली त्या दिवशी तिला बोलावून आणायला शेजारीण गेली होती. विचारत विचारत तो निघाला, आणि चालता चालता पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी हललं. केराबाई, असं त्यानं मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं.

लोकांनी दाखवलेलं खोपट गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून उभं होतं. सारजाबाई दारातच बसली होती. तिच्याजवळ फडक्यात गुंडाळलेल्या, ऊन पाण्यानं शेकायच्या काचेच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

"मावशी, जोंधळे आणलेत," तो म्हणाला.

सारजाबाईनं सुपाकडं पाहिलं आणि ते हळूच त्याच्याकडं परत सरकवलं.

"दिसभर फाटकाशी बसले, बापू. पोर तुझी म्हनून सांगायची रीत न्हवती, म्हनून निस्तं पानी सोडा म्हनत ऱ्हायले."