घुरघुरणारा हात

“कुणाला खरं वाटणार नाही, पण माझा हा हात मांजरासारखा घुरघुरतो,” डायलिसिसच्या खुर्चीत अंग टाकत म्हातारा शिंपी शेजारच्या नव्या पोरीला म्हणाला. बोलणंही त्याच्या जिवावर आलं होतं. पण सुईसाठी ऑपरेशन करून फुगवलेली, रक्ताच्या जोराने थरथरणारी मनगटाजवळची शीर ती बाहीआड लपवत होती आणि घरी जायचं म्हणून अडून बसली होती. “आमचा बोका याला बायको समजून बिलगून झोपतो. घाबरून गल्लीतल्या उंदरांनी बिऱ्हाडं हलवली.” पोरीने बाही सारली, हात कानाशी नेला आणि हसली. “माझाही घुरघुरतोय की.” तेवढ्यात नर्सने सुई टोचली. “तुम्हाला कंटाळा नाही येत, आजोबा?” पोरीने विचारलं. “छे गं, मी हौसेने येतो.” दाराशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “थापा मारू नका. सकाळी ‘आता पुरे’ म्हणत भिंतीकडे तोंड करून निजला होतात. पायात चपला मी चढवल्या.”